ऊर्जाबचतीच्या कामात उतरताय? आधी खर्चाचा आणि पगाराचा हिशेब मांडा

कारखान्याचं, हॉस्पिटलचं किंवा मॉलचं वीजबिल कमी करून देणं हा आज स्वतंत्र रोजगार आहे. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यामुळे 2002 मध्ये केंद्रात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, उभा राहिला. महाराष्ट्रात या कायद्याचं काम महाऊर्जा पाहते. तिचं कार्यालय पुण्यात औंधला आहे. मात्र या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांच्या आणि पालकांच्या हाती बहुतेक वेळा क्लासची जाहिरात पडते, हिशेब पडत नाही. आयटीआय झालेल्या तंत्रज्ञापासून स्वतंत्र एनर्जी ऑडिटरपर्यंत कोणत्या टप्प्यावर खिशातून किती जातं, खिशात किती येतं आणि कुठे सावध राहायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. या क्षेत्रात पैसे मिळतात ते दोन गोष्टींचे: मोजता येण्याचे आणि मोजलेल्या आकड्याखाली जबाबदारीने सही करण्याचे. ज्या खर्चाने या दोन्हींपैकी एकही जमत नाही, तो खर्च टाळा.

काम नेमकं कुठे आहे?

पहिली मागणी कायद्यातून येते. सिमेंट, पोलाद, कागद, खत, कापड, औष्णिक वीज अशा भरपूर ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांतले ठरावीक मर्यादेपेक्षा मोठे कारखाने ‘नामनिर्देशित ग्राहक’ ठरतात. त्यांना प्रमाणपत्रधारक ऊर्जा व्यवस्थापक नेमावा लागतो आणि ऊर्जावापराचं विवरण दरवर्षी सादर करावं लागतं. अशा कारखान्यांना ऊर्जाबचतीची लक्ष्यं ठरवून देणाऱ्या पॅट योजनेच्या 2012 ते 2015 या पहिल्या फेरीत देशभरातले 478 कारखाने होते. त्यांनी मिळून 86.7 लाख टन खनिज तेलाइतकी ऊर्जा वाचवली. चंद्रपूर जिल्ह्यातले सिमेंट कारखाने, वीजकेंद्र आणि बल्लारपूरची कागदगिरणी याच प्रकारच्या उद्योगांत मोडतात. 2021 च्या नियमांनी वीज वितरण कंपन्यांनाही दरवर्षी ऊर्जा लेखापरीक्षण सक्तीचं केलं. 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली आणि मोजमाप करणाऱ्या, पडताळणी करणाऱ्या माणसांची गरज आणखी वाढली.

दुसरी मागणी बिलातून येते. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचं बिल 1 एप्रिल 2020 पासून केव्हीएएच युनिटवर आकारलं जातं. पॉवर फॅक्टर घसरला की युनिट थेट वाढतात. भोसरी, चाकण, वाळूज, बुटीबोरी, शिरोली इथल्या मध्यम कारखान्यांवर ऑडिटची सक्ती असो वा नसो, बिलाचा ताण सगळ्यांवर आहे. नव्या माणसाला पहिलं काम मिळण्याची शक्यता अशाच ठिकाणी जास्त असते.

पायरी पहिली: आयटीआय आणि शिकाऊ उमेदवारी

इलेक्ट्रिशियन, वायरमन आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे या कामाला सर्वात जवळचे ट्रेड. शासकीय आयटीआयची फी खासगीच्या मानाने फार कमी असते. त्यामुळे तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये यांपैकी ट्रेड मिळत असेल तर खासगी संस्थेत मोठी रक्कम भरण्याआधी दोनदा विचार करा. खर्च फीपेक्षा राहण्या-खाण्याचा आणि एसटीच्या पासाचा जास्त होतो.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करा. तिला ‘फुकट राबणं’ समजू नका आणि कुणाला तशी राबवूनही घेऊ देऊ नका. 2019 च्या सुधारित नियमांनी दरमहा किमान विद्यावेतन असं ठरवलं: आयटीआय प्रमाणपत्रधारकाला 7,000 रुपये, डिप्लोमाधारकाला 8,000, पदवीधराला 9,000. करार करताना शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवरचा चालू दर पाहून घ्या आणि तो दर करारात लिहून घ्या. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के, पण कमाल 1,500 रुपयांपर्यंतचा वाटा उचलतं. त्यामुळे ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्या छोट्या कारखानदाराला तुम्ही स्वतःच या योजनेची माहिती देऊ शकता. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यात बारावी उत्तीर्णाला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये दरमहा ठरले.

आता खर्चाची बाजू बघा. समजा लातूरचा मुलगा चाकणला आला. कॉट बेसिसवर 3,000, मेसचे 3,000, येण्या-जाण्याचे 1,000 धरले तर 7,000 इथेच संपले. म्हणजे हे वर्ष पैसे साठवण्याचं नाही. घरच्यांनी दरमहा हजार-दोन हजारांची तजवीज आधीच करून ठेवावी. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नसतो, त्याला पीएफही लागू होत नाही. मात्र काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते. त्यामुळे लेखी, नोंदवलेला करार नसेल तर कामाला हात लावू नका.

याच वर्षात वायरमन परवान्याची तयारी करा. सोलरकडे कल असेल तर राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र अभ्यासक्रम पाहा. 600 तासांचं हे निवासी प्रशिक्षण उमेदवाराला मोफत आहे. म्हणून ‘सूर्यमित्रला प्रवेश मिळवून देतो’ म्हणत कुणी पैसे मागितले तर तिथून निघून या.

पायरी दुसरी: डिप्लोमा की पदवी?

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला महाराष्ट्रात संबंधित शाखेच्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. एक वर्ष वाचतं, एका वर्षाची फीही वाचते. पुढे ऑडिटर व्हायचं असेल तर मात्र अनुभवाचा हिशेब आत्ताच करा. बीईईच्या परीक्षेसाठी अभियांत्रिकी पदवीधराला ऊर्जेशी संबंधित कामाचा 3 वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर अभियंत्याला 2 वर्षांचा आणि डिप्लोमाधारकाला 6 वर्षांचा. डिप्लोमा लवकर संपतो, पगार लवकर सुरू होतो, पण परीक्षेची दारं उशिरा उघडतात. घरची ओढाताण असेल तर डिप्लोमा करून नोकरी धरणंच शहाणपणाचं. ती 6 वर्षं वाया जात नाहीत. बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर हाताखालून गेलेला माणूस पुढे ऑडिटला गेला की त्याला यंत्रासमोर उभं राहून बोलता येतं.

मुलींच्या पालकांनी एक सवलत विसरू नये. 2024-25 पासून वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा आणि अर्ज महाडीबीटीवर वेळेत हवा. संस्थास्तरावरच्या कोट्यातून घाईने प्रवेश घेतला तर ही सवलत हातातून जाते.

पायरी तिसरी: बीईईची परीक्षा

ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन पेपर असतात: ऊर्जा व्यवस्थापनाची सर्वसाधारण तत्त्वं, औष्णिक यंत्रणा आणि विद्युत यंत्रणा. ऑडिटर व्हायचं तर उपकरणांची ऊर्जाकामगिरी मोजण्याचा चौथा पेपरही द्यावा लागतो. त्यात पुस्तक उघडून उत्तरं लिहिता येतात. प्रत्येक पेपरला 50 टक्के गुण लागतात.

खर्चाचे कप्पे पाच आहेत. पहिला परीक्षा शुल्क. ते त्या वर्षीच्या अधिसूचनेत दिलेलं असतं, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नका. दुसरा केंद्रापर्यंतचा प्रवास आणि मुक्काम. तिसरा पुस्तकं. बीईईची चारही मार्गदर्शक पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात, छपाईचाच काय तो खर्च. चौथा क्लास. तो ऐच्छिक आहे. कारखान्यात काम करणाऱ्याला अडतो तो बहुधा त्याच्या शाखेबाहेरचा पेपर: इलेक्ट्रिकलवाल्याला बॉयलर, मेकॅनिकलवाल्याला ट्रान्सफॉर्मर. अख्ख्या क्लासऐवजी तेवढाच भाग एखाद्या अनुभवी सहकाऱ्याकडून समजून घेतला तरी भागतं. पाचवा कप्पा पुढच्या काळातला: प्रमाणपत्र चालू ठेवायला दर पाच वर्षांनी उजळणी प्रशिक्षण घ्यावं लागतं. नोकरीत असाल तर हा खर्च कंपनीने करावा, असं नेमणूकपत्रातच लिहून घ्या.

या प्रमाणपत्रावर लगेच सक्तीची ऑडिट करता येत नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त ऑडिटर व्हावं लागतं. त्याला ऊर्जा लेखापरीक्षणाचा 5 वर्षांचा अनुभव लागतो आणि त्यातली किमान 3 वर्षं ऊर्जाप्रधान उद्योगातली असावी लागतात. ‘परीक्षा पास झालात की सरकारी ऑडिट तुमच्याच हातात’ असं सांगणारा माणूस अर्धवट सांगतो.

पगार कशाच्या जोरावर मागायचा?

एक उदाहरण जवळून बघू. रविवार आहे, शॉपमधली सगळी न्यूमॅटिक टूल्स बंद आहेत. 37 किलोवॅटचा एअर कॉम्प्रेसर तेवढा चालू करायचा आणि घड्याळ लावायचं. कुणीही हवा वापरत नसताना तो लोड होतो, अनलोड होतो, पुन्हा लोड होतो. समजा 3 मिनिटं लोडवर आणि 9 मिनिटं अनलोडवर अशी फेरी सतत चालली आहे. एकूण 12 मिनिटांपैकी 3 मिनिटं तो केवळ गळती भरून काढतोय. म्हणजे क्षमतेची 25 टक्के हवा नळ्यांच्या सांध्यांतून, जुन्या होजमधून, अर्धवट बंद झालेल्या व्हॉल्व्हमधून निघून जाते.

37 किलोवॅटचे 25 टक्के म्हणजे सुमारे सव्वानऊ किलोवॅट. वर्षाला 6,000 तास चालतो असं धरलं तर साडेपंचावन्न हजार युनिट होतात. युनिटला 8 रुपये धरले तर 4 लाख 44 हजार रुपये. साबणाचं पाणी, नवे क्लॅम्प, काही मीटर होज आणि दोन दिवसांची मेहनत घालून गळती 10 टक्क्यांवर आणली तर वर्षाला ढोबळमानाने 2 लाख 66 हजार रुपये वाचतात. दुरुस्तीनंतरच्या रविवारी तीच चाचणी पुन्हा करायची आणि दोन्ही आकडे कागदावर शेजारीशेजारी मांडायचे.

पगारवाढीच्या बैठकीत न्यायचा कागद हाच. ‘मी तीन वर्षं इथे आहे’ या वाक्यापेक्षा ‘या वर्षी एवढे युनिट वाचले, ही मोजणी आधीची, ही नंतरची’ हे वाक्य मालकाला जास्त पटतं. अशा प्रत्येक कामाची तारखेनिशी वही ठेवा. परीक्षेला लागणाऱ्या अनुभवाचा दाखला मागतानाही ती उपयोगी पडते.

ऑफर लेटर आलं. हातात किती पडणार?

तुलनेसाठी सरकारी फूटपट्टी जवळ ठेवा. महावितरणच्या 2023 च्या जाहिरातीत विद्युत सहाय्यकाला पहिल्या वर्षी 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000 आणि तिसऱ्या वर्षी 17,000 रुपये एकत्रित मानधन होतं. राज्य शासनाच्या कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी एस-14 आहे, म्हणजे 38,600 ते 1,22,800 रुपये मूळ वेतन आणि वर भत्ते. खासगी ऑफर या दोन खुणांच्या कुठे बसते ते पाहा.

खासगी कंपनी वर्षाचा आकडा सांगते. समजा ऑफर 3 लाख 60 हजारांची आहे, म्हणजे महिन्याला 30,000. त्यात मूळ वेतन 15,000 आहे आणि दोन्ही बाजूंचा पीएफ यातूनच जातो असं धरू.

मालकाचा पीएफ: 1,800
ग्रॅच्युइटीची तरतूद: सुमारे 720
तुमचा पीएफ: 1,800
व्यवसाय कर: 200, फेब्रुवारीत 300
हातात: सुमारे 25,480 रुपये

दोन्ही पीएफ तुमच्याच नावावर जमा होतात, मालकाच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शन योजनेत जातो, ते पैसे बुडत नाहीत. पण खोलीचं भाडं 30,000 धरून ठरवू नका. महिलांना दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, तो कापला असेल तर विचारा.

ठेकेदारामार्फत तंत्रज्ञ म्हणून लागत असाल तर आणखी दोन गोष्टी तपासा. पगार 21,000 पर्यंत असेल तर, ईएसआय कायदा लागू असलेल्या आस्थापनेत तुमचा वाटा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के. म्हणजे 18,000 पगारावर तुमचे 135 रुपये जातात आणि सगळ्या कुटुंबाला उपचाराचं संरक्षण मिळतं. दुसरी गोष्ट तुमच्या पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक. पगारातून पीएफ कापला जातो पण खात्यात भरला जात नाही, असा प्रकार पहिल्या दोन महिन्यांतच पासबुक पाहून पकडता येतो. पुढे फार उशीर होतो.

साइटवरच्या नोकरीत प्रवासभत्ता, मुक्कामाचा दर, सुरक्षा बूट आणि अपघात विमा वेगळा लिहून घ्या. उपकरणं विकणाऱ्या कंपनीत इन्सेंटिव्ह पगारातच मोजून दाखवला असेल तर तो वजा करून उरलेल्या रकमेत घर चालतं का ते बघा.

स्वतंत्र ऑडिटर: एका कामाचा ताळेबंद

सुरुवातीला सगळी उपकरणं विकत घेऊ नका. क्लॅम्प मीटर, लक्स मीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर हजारांत येतात आणि रोज लागतात, ती घ्या. थ्री-फेज पॉवर अ‍ॅनालायझर, धूर-वायू विश्लेषक, अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर यांचा चांगल्या प्रतीचा संच लाखांच्या घरात जातो. पुरेसं काम नियमित येईपर्यंत तो भाड्याने आणा. उपकरण कुणाचंही असो, कॅलिब्रेशनचं चालू प्रमाणपत्र अहवालाला जोडा. त्याशिवाय तुमच्या आकड्याला आधार नाही.

आता एका मध्यम कारखान्याचं काम 60,000 रुपयांना घेतलं असं समजू. आकडे पद्धत दाखवण्यापुरते आहेत, तिथे तुमचे घाला.

उपकरणभाडं: 8,000
प्रवास, मुक्काम: 5,000
मदतनीस, दोन दिवस: 2,000
छपाई आणि किरकोळ: 1,000
एकूण खर्च: 16,000
उरले: 44,000

साइटवरचे दोन दिवस आणि अहवालाचे पाच धरले तर दिवसाला सुमारे 6,300 रुपये पडतात. हा आकडा पाहून लगेच नोकरी सोडू नका. काम मिळवण्यासाठी मारलेल्या चकरा, नाकारलेली कोटेशनं आणि अडकलेली बिलं या सात दिवसांत मोजलेली नाहीत. महिन्याला असं एकच काम मिळालं तर हेच 44,000 महिनाभर पुरवायचे आहेत, आणि त्यात ना पीएफ ना सुट्टी. शिवाय कंपनी 10 टक्के टीडीएस कापते, म्हणजे 6,000 रुपये विवरणपत्र भरेपर्यंत अडकतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तरच हे पाऊल टाका.

नोंदणीचा खर्च फारसा नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि सल्लासेवेला 18 टक्के दर आहे. तांत्रिक सल्लागाराला 50 लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरण्याची सोपी सोय आहे. रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा 75 लाख होते.

कोटेशनमध्ये अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली अहवाल दिल्यावर, असं स्पष्ट लिहा. बचतीतला वाटा घेण्याचा करार करायचा असेल तर आधारवर्षाचे युनिट, उत्पादनाचं प्रमाण आणि मोजणीची पद्धत यांवर आधीच दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. उत्पादन घटल्यामुळे कमी झालेलं बिल म्हणजे तुमची बचत नव्हे. वाढलेल्या उत्पादनात बिल स्थिर राहिलं तर ती मात्र बचत आहे. हा भेद आधी लिहिला नाही तर पैसे आणि संबंध दोन्ही बिघडतात.

क्लासला पैसे भरण्याआधी

चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. प्रमाणपत्र देणार कोण, बीईई की तुमचीच संस्था? प्रत्यक्ष यंत्रावर किती तास आणि कोणत्या कारखान्यात? गेल्या तुकडीतल्या किती जणांनी परीक्षा दिली आणि किती पास झाले? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? संस्थेचं स्वतःचं ‘एनर्जी ऑडिटर’ प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, पण कायद्याने लागणाऱ्या ठिकाणी चालत नाही.

नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीपासून लांब राहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी त्यांत बसत नाही. नोकरीसाठी ‘अनामत’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. फसवणूक झाली तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही. पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद जपून ठेवा.

या महिन्यात काय कराल?

आयटीआयमध्ये असाल तर शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदणी करा. डिप्लोमा किंवा पदवी घेऊन नोकरीत असाल तर परीक्षेसाठी लागणारा अनुभव कोणत्या तारखेला पूर्ण होतो ते लिहून काढा आणि पहिलं मार्गदर्शक पुस्तक उतरवून घ्या. बीईईचं प्रमाणपत्र असेल तर ते मूळ वेतनात दिसावं म्हणून मागणी करा. यांपैकी काहीही असाल तरी येत्या सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन आपल्या कारखान्यातला एक कॉम्प्रेसर, एक पंप किंवा दिव्यांची एक ओळ मोजा. त्या मोजणीला बहुधा काहीच खर्च येणार नाही आणि पुढचा पगार मागायला तीच पहिली नोंद असेल.